चाचांच्या गच्चीवर सफरचंदाला बंदी

लातुरात ब्रोमेलियाड पाळणारे माझ्या माहितीतले आम्ही तिघंच. रहीमचाचा शिंपी, देशमुख सर क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे, आणि मी मुलींचं हॉस्टेल चालवणारी. रविवारी सकाळी चाचांच्या गच्चीवर जमतो. झाडांना पिल्लं फुटायला वर्ष लागतं, किस्से मात्र दर आठवड्याला फुटतात. काही आत्ताच सांगून टाकते, नाहीतर सर त्यात पदरचं घालतील.

*

हे झाड अननसाच्या भावकीतलं. पानं कडक, चकचकीत, मधोमध पेला. पाणी मातीत कमी, त्या पेल्यातच जास्त घालायचं. देवणीचे एक वडील मुलीला हॉस्टेलवर सोडायला आले. झाडाला टिचकी मारून म्हणाले, "ताई, प्लास्टिकला पाणी कशाला घालायलात?"

मी म्हटलं, खरं झाड आहे, फक्त वरून पितं. त्यांनी वाकून पेल्यात पाहिलं, मग मुलीकडे वळले. "बघ, मुळाचं काम बी डोक्यानंच करतंय."

ती पोरगी वर्षभर त्या झाडाला बघून तोंड फिरवायची.

*

एकदा मलेरियावाले गच्चीवर आले. पेल्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. सरांनी त्यांना पाऊण तास समजावलं, की या झाडाचं पोट म्हणजेच हा पेला. त्यातल्या एकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कुंडी उलटी केली.

"मला समजलं सर. अळीला न्हाई समजत."

तेव्हापासून दर चौथ्या दिवशी आम्ही पेल्यातलं पाणी बदलतो.

*

बोअरच्या पाण्यानं पानांवर पांढरे डाग पडतात. टँकरच्या उन्हाळ्यात सर झाडाला बाटलीतलं पाणी घालायचे आणि घरात सगळे टँकरचं प्यायचे. देशमुख वहिनी एक दिवस झाडाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. म्हणाल्या, "मलाही कुंडीत लावा." सर त्या दिवसापासून आधी घरात विचारतात.

*

ब्रोमेलियाडचा एकेक झुबका एकदाच फुलतो. फूल आलं की आई हळूहळू वाळते आणि बुडाशी पिल्लं सोडून जाते. अशक्त झाड मात्र कधीकधी पिल्लं न देताच जातं. फूल लवकर आणायची एक युक्ती आहे. झाडाशेजारी पिकलेलं सफरचंद ठेवायचं आणि दोन्हींवर आठ-दहा दिवस प्लास्टिकची पिशवी बांधायची. फळातून जो वायू सुटतो, त्यानं झाडाला फुलायची घाई होते.

सरांच्या क्लासच्या मालकांना नव्या बॅचच्या उद्घाटनाला टेबलावर फूल हवं होतं. सरांनी तेवढ्यासाठी सफरचंद लावलं. फूल आलं तीन महिन्यांनी, उद्घाटन होऊन गेल्यावर. मालक म्हणाले, "सर, तुम्ही पोरांनापण असंच शिकवता का?"

*

चाचा मात्र जिन्यातच लोकांच्या पिशव्या तपासायचे. सफरचंद, केळी, काही वर न्यायचं नाही. नवीन माणसाला वाटायचं, यांचा रोजा आहे.

कारण एक झाड. भूकंपात गावाकडचं घर पडलं, चाची गेल्या. मलबा उपसताना चाचींनी तेलाच्या डब्यात लावलेलं ब्रोमेलियाड सापडलं. आई चेंगरलेली, एक पिल्लू हिरवं. पिल्लामागून पिल्लू करत चाचांनी ते इतकी वर्षं चालवलं. टँकरच्या उन्हाळ्यात बाकीची जळाली, एकच उरलं, तेही मरतुकडं. ते फुललं आणि पिल्लं न देताच गेलं, तर चाचींच्या हातचं काहीच राहणार नव्हतं.

*

चाचा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे कंधारला गेले, तेव्हा ते झाड माझ्याकडे ठेवलं. हॉस्टेलमधली उमरीची रेणुका डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. तिनं जीव लावून ते सांभाळलं. ऊन लागू नये म्हणून स्वतःच्या खोलीत नेलं, ओलावा टिकावा म्हणून वरून पिशवी घातली. आत जागा होती, म्हणून वडिलांनी आणलेली सफरचंदंही त्याच पिशवीत ठेवली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. चूक माझीच.

चाचा आले आणि झाड घेऊन गेले. तीन महिन्यांनी मधोमध गुलाबी तुरा आला. त्याच आठवड्यात रेणुकाचा निकाल लागला. पुन्हा राहिलं होतं.

सगळं कळल्यावर ती माझ्याबरोबर गच्चीवर आली आणि रडतच सगळं बोलली. चाचांनी तुरा पाहिला. मग म्हणाले, "बेटा, जेवलीस का?"

रेणुका घरी न जाता हॉस्टेलवरच थांबली, आणि पुढचे महिने चाचा, ती आणि मी रोज बुडाशी बोटं घालून बघत होतो. आई वाळत चालली. दिवाळीनंतर एके सकाळी त्यांचा फोन आला. "ताई, दोन हायेत."

पिल्लं वीतभर झाल्यावर चाचांनी एक कापून डब्यात लावलं आणि रेणुकाला दिलं. ती परीक्षेचा नाद सोडून, सामान बांधून उमरीला निघाली होती. डबा छातीशी धरून म्हणाली, "चाचा, हे कधीच नाही फुललं तर?"

चाचांनी पेल्यात थोडं पाणी घातलं.

"न्हाई फुललं तर न्हाई फुललं. हाय ना ते. लई झालं."