फाटकाबाहेरची पंगत

दुपारी जेवून जरा आडवं झालं की मला अजून ती हाक ऐकू येते. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेत मी पुन्हा नवी सून असते, बाहेर वैशाखाचं पांढरं ऊन असतं, आणि सासूबाई डोक्यावरचा पदर नीट करत उंबऱ्यावर उभ्या राहून विचारतात, "हाय का कोन उपाशी?" उत्तर येण्याआधीच मी जागी होते. पोट भरलेलं असतं, तरी भूक लागलेली असते.

माझं सासर खटकचिंचोळीच्या बाजूचं, लिंगायतांचं घर. निजामाचं राज्य जाऊन चार-दोन वर्षं झाली होती. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. नवरा हुमनाबादला अडतीच्या दुकानात कामाला, एखाद्या बाजाराच्या दिवशी कधीतरी उगवायचा. घरात मी आणि सासूबाई. त्यांना सारं गाव अव्वा म्हणे, म्हणून मीही अव्वाच म्हणायची.

त्या घराची एक रीत होती. दुपारी ताटं वाढली की घरातलं मोठं माणूस उंबऱ्यावर जाऊन ती हाक देई. कोणी 'हाय' म्हटलं तर त्याला आत घेऊन आधी वाढायचं, मग आपण बसायचं. आणि उंबऱ्यावरून दिसेल एवढ्यात कोणी उपाशी आहे हे ठाऊक असेल, तर घास तोंडात घालायचा नाही. सासऱ्यांनी ही रीत जन्मभर पाळली, त्यांच्यामागं अव्वांनी. रीत फार चांगली, पण सासू जेवल्याशिवाय सून जेवत नसे आणि मला भूक मुळीच सोसत नसे. माहेरी मला खादाडच म्हणत. त्यामुळं अव्वा हाक द्यायला उठल्या की मी मनात म्हणायची, आज गावातली सगळी माणसं पोटभर जेवलेली असू दे रे देवा.

घरात दुसरी वस्तू होती ती बंदूक. ठासणीची, लांब नळीची. धामधुमीच्या दिवसांत परगावची काही माणसं लुटायला विहिरीच्या बाजूनं आत शिरली, तेव्हा सासऱ्यांनी माळवदावरून हवेत एकच बार काढला होता. माणसं पळाली, पण पळताना कोणीतरी भिरकावलेला धोंडा सासऱ्यांच्या कपाळाला लागला. त्यातच ते पुढं वारले. पोलीस अ‍ॅक्शननंतर सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या, तेव्हा अव्वा भालकीला जाऊन ठाण्याच्या पायरीवर ठाण मांडून बसल्या आणि आपल्या नावाचं लायसन घेऊनच उठल्या. एकटी बाई, शेताला रानडुकरांचा त्रास, असं त्यांनी सांगितलं होतं. डुकरं होतीही. पण अव्वा बंदूक पुसायच्या त्या डुकरांसाठी नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. करडीच्या तेलाचं फडकं त्या नळीवरून इतक्या हळू फिरवत की बघताना मला पेंग यायची. बंदुकीची दारू सुपात पसरून माळवदावर वाळत घालत, आणि शेजारी माझ्या शेवया. वारा सुटला की माझा जीव शेवयांत.

आता विहिरीचं. विहीर आमचीच, आमच्याच जागेत. पण ती पूर्वी उघड्यावर होती आणि मागची कोष्टी-गवंड्यांची गल्ली पिढ्यान्‌पिढ्या तिचंच पाणी भरायची. सासरे गेल्यावर अव्वांनी विहीर आत घेऊन भिंत घातली आणि फाटक बसवलं. पावसाळ्या-हिवाळ्यात कोणी काही बोललं नाही, ओढ्याला पाणी होतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी ओढा लवकर आटला. बाया पहाटे उठून पार दुसऱ्या शिवारातून पाणी आणू लागल्या. एका बाईचं तान्हं तापानं फणफणलं आणि घरात कपाळावर पट्टी ठेवायला पाणी नव्हतं, तेव्हा गल्ली उठली.

सगळी गल्ली फाटकाबाहेर येऊन बसली. पुढं अक्का, म्हणजे गल्लीतली थोरली कोष्टीण. ती आणि अव्वा एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या, एकाच विहिरीवर वर्षानुवर्षं घागरी भरलेल्या. अक्कानं आपली घागर पालथी घातली आणि म्हणाली, "फाटक उघडूस्तोवर उटत न्हाई. अन्‌ अन्नाला शिवत न्हाई."

अव्वांनी ठाण्यात निरोप धाडला. अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, घोड्यावरून आले, नीट सगळं बघितलं. म्हणाले, भिंतीच्या आत तुमचं, बाहेर रस्ता सरकारचा. बाहेर बसतील तेवढं बसू द्या, आत घुसले तर मला कळवा.

"भालकीला येऊन कळवू व्हय?" अव्वा म्हणाल्या. "तवर इथं काय ऱ्हाईल? मागच्या खेपंला कुनाला कळवलं होतं आमी?"

अमीनसाहेब घोड्याकडं वळले. मग बंदुकीकडं बघत म्हणाले, "जान पे आयी तो चलाव अम्मा. घागर पे नक्को."

ते गेल्यावर अव्वांनी दारू ठासली. गज खालीवर करण्याचा तो आवाज स्वयंपाकघरात माझ्यापर्यंत आला आणि हातातली भाकरी थापायची राहून गेली. मला अव्वांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी त्यांची कीवही येत होती. त्या विहीर राखत नव्हत्या. एकदा त्या बाजूनं माणसं आत आली आणि घरातला माणूस गेला, एवढंच त्यांना दिसत होतं.

दुपार झाली. मी ताटं वाढली. अव्वा बंदूक घेऊन उंबऱ्यावर गेल्या, फाटकाच्या गजांतून बाहेरची माणसं स्वच्छ दिसत होती, आणि त्यांनी हाक दिली, "हाय का कोन उपाशी?"

फाटकाबाहेर सगळेच उपाशी होते. पण ज्याच्या दारात अडून बसायचं त्याचं अन्न कसं खायचं? कोणी हूं की चूं केलं नाही. अव्वा परत आल्या, ताटाकडं बघितलं आणि झाकून ठेवलं. मीही माझं झाकलं. वरणाचा वास झाकणाखालून येतच राहिला.

दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतरही तेच. संध्याकाळी अक्का सोडून सगळी गल्ली घरी जाई, दोन घास खाऊन सकाळी परत येई. आमच्या घरात मात्र अव्वांना रात्रीही घास जाईना, पेलाभर अंबील पिऊन त्या भिंतीला टेकून बसायच्या. मलाही अंबीलच. भुकेनं मला सगळं तरंगल्यासारखं दिसू लागलं. माळवदावरून बघितलं की फाटकाबाहेरची माणसं उन्हाच्या झळांत हलायची, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी. कडुलिंबाची सावली इकडून तिकडं सरकायची आणि सगळे तिच्यामागं सरकायचे. कुठंतरी रहाट कुरकुरतोय असं वाटायचं. विहिरीवर तर त्या वेळी कोणीच नसायचं. त्या दिवसांत मला भीतीसुद्धा लांबून आल्यासारखी वाटत होती.

भीती जवळ आली ती एका सकाळी. गल्लीतली तरुण पोरं कुदळी घेऊन आली होती. अक्का त्यांना दटावत होती, पण तिचा आवाज खोल गेला होता. एकजण ओरडला, "दुपारपस्तोर बगतो, मग भिंत पाडतो!" अव्वांनी ते ऐकलं. उंबऱ्याच्या आत पाट घेतला, बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि मला म्हणाल्या, "सयपाक कर. आज बी हाक द्यायचीच हाय."

मी भाकरी केल्या, पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी केली, वरण केलं. शेंगांची चटणी कुटता कुटता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भुकेनं की भीतीनं, आजही सांगता येणार नाही. मग काय मनात आलं कोण जाणे, हात धुतले, गोठ्याच्या मागच्या दारानं बाहेर पडले आणि भिंतीला वळसा घालून बायकांच्या रांगेत अक्काशेजारी जाऊन बसले.

अक्का दचकली. "तू कामून आलीस गं? सासू मारंल की तुला."

"मारू द्या," मी म्हणाले.

सावली पायाशी आली. अव्वा उंबऱ्यावर आल्या, हातात बंदूक. फाटकाकडं न बघता, वर लिंबाकडं बघत त्यांनी हाक दिली, "हाय का कोन उपाशी?"

"हाय, अव्वा," मी म्हणाले. "मी हाय."

त्यांनी खाली बघितलं. आधी त्यांना मी दिसलेच नाही, मग दिसले. तोंडाचा रंग गेला त्यांच्या.

"तू? तितं काय करायलीस? आत ये."

"पंगतीत बसलेय, अव्वा. एकटी कशी उठू?"

लोक मागाहून म्हणाले, मोठी हुशार सून आहे हो. हुशारी कसली डोंबलाची. मला भूक लागली होती आणि एकटीनं आत जायची लाज वाटत होती, एवढंच.

पोरांनी कुदळी खाली टेकल्या. मग अक्का बसल्या जागेवरूनच, जुन्या मैत्रिणीशी बोलावं तशी म्हणाली, "हिला जेवायला वाढशील ते बरं. पर पानी कुटलं देशील, अव्वा? अन्‌ हिच्या शेजारी मी बसलेय, मला काय देशील?"

जेवायला वाढायचं आणि पाणी द्यायचं नाही, असं काही त्या घरात कधी झालंच नव्हतं. अव्वांनी डोक्यावरचा पदर नीट केला. मग पायऱ्या उतरून आल्या आणि फाटकाची कडी काढली. समोर अक्का उभी राहिली. अव्वांनी बंदूक तिच्या हातात दिली.

"धर. दोर ओढायला दोनी हात लागत्यात."

"भरलेली हाय न्हवं?"

"हाय. घोड्याला हात लावू नको."

अक्का ती नळी आकाशाकडं करून, श्वास धरून उभी राहिली. अव्वांनी पोहरा सोडला. किती दिवसांनी रहाट गल्लीसाठी खरोखर कुरकुरला. पहिली घागर भरली तशी सगळी गल्ली त्या घागरीकडं बघत राहिली. अव्वांनी ती कोणालाच दिली नाही. उचलून अक्काजवळ आणली आणि बंदुकीच्या तोंडात धार धरली.

"आदी हिला पाजू दे," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. नळीच्या बुडाशी काळं पाणी ठिबकू लागलं आणि अक्काच्या लुगड्यावर पडलं. अक्काही रडत होती, पण बंदूक तिनं सोडली नाही.

त्या दुपारी लिंबाखाली पंगत बसली. माझ्या भाकरी कधीच संपल्या, मग गल्लीतून पीठ आलं आणि चार चुली पेटल्या. मी इतकं जेवले की अक्कानंही कौतुकानं बघितलं. भिंत राहिली, फाटकही राहिलं, पण दिवसा त्याला कडी लागली नाही.

अव्वा त्यावर माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. रागावल्या होत्या की काय, मला कळेना, आणि विचारायची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी मी ताटं वाढली. अव्वा उठल्या, रिकाम्या हातांनी उंबऱ्यापर्यंत गेल्या, आणि तिथं थांबून मागं वळून बघितलं. मी चुलीपाशी आहे याची खात्री केली, मगच हाक दिली.