गोठ्यातलं कोर्ट

असे किस्से सांगायला बसलं की आवरत नाहीत. एक बाहेर काढावा, तर त्याचा पदर धरून चार येतात. आणि मला वेळ मिळतो तो मांडीवरचं पोर झोपलेलं असेपर्यंतच. तेव्हा ऐका.

बेचाळीसनंतरची ती वर्षं. आमच्या कुंडलच्या बाजूला सरकारी कोर्टाची पायरी कोणी चढेना. तंटे गावातल्याच पंचांपुढे यायचे. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. ते मुख्य पंच. पोलिसांना सुगावा नको म्हणून कोर्ट आमच्या गोठ्यात! बायका पुरुषांसमोर बोलत नसत. त्यांचं म्हणणं आत ऐकून बाहेर सांगायचं काम सातवी शिकलेल्या सुनेच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडलं.

पहिलीच आली ती हौसा. नवरा बापू, विशीतला. भाकरीला उशीर झाला की चाबूक काढायचा. गेल्या पंचमीला तिचा भाऊ न्यायला आला, तर त्याला बापूनं दारातूनच माघारी लावलं होतं. पाठ दाखवून ती म्हणाली, "मला नांदायचं हाय, वैनी. पर जित्ती."

मी बाहेर आले, घसा खाकरला आणि म्हटलं, "हौसाला कदाचित मार बसला असावा, असं वाटतं."

मामंजींनी वर पाहिलं. "सूनबाई, वळ काय कदाचित उठल्यात व्हय?"

बापूच्या तळपायांवर काठी मारावी, असं बाकीच्या पंचांचं मत पडलं. हौसानं आतूनच मला थांबवलं. त्याला मारलं तर तो मार फिरून माझ्याच अंगावर येईल, म्हणाली. मी तसंच सांगितलं, या वेळी 'कदाचित' न लावता. निकाल पुढच्या बैठकीवर गेला.

त्याच दिवशी दुसरा खटला. एका बागाईतदाराच्या मुलानं नदीवर एका विधवेचा हात धरला होता. बाप फेटा सावरत म्हणाला, "पोर हाय वो, सोडा."

मामंजी म्हणाले, "पोर हाय ना? मग पुढल्या म्हैन्यातलं त्याचं लगीन मोडा. पोरांची लग्नं आमी हू देत न्हाई."

बापाची त्रेधा. "तसा मोठा हाय त्यो!"

"मग मोठ्याची शिक्षा घिऊ दे."

पुढच्या बैठकीला एक मुलगा आला. आईला ढकललेलं. तिच्या कपाळावर ही एवढी खोक, आणि ती त्याच्यासाठी फडक्यात भाकरी बांधून आलेली. मी पडले, चौकट लागली, एवढंच ती घोकत राहिली. मी तेच बाहेर सांगितलं. मामंजी म्हणाले, मग चौकटीला शिक्षा देऊ.

मुलगाच रडायला लागला. "आई खोटं बोलतीया. मी ढकाललं."

"निम्मी शिक्षा झाली," मामंजी म्हणाले. "ऱ्हायलेली तुझी आई सांगंल." आईनं त्याला भाकरी खायला लावली, सगळ्यांसमोर. एक घास त्याच्या घशाखाली उतरेना.

त्या संध्याकाळी माझा मुलगा मला चावला, आणि मी त्याच्याकडे आरोपीकडे पाहावं तशी पाहत बसले.

शेवटी हौसाचा निकाल. तुला काय हवं, असं मी तिला विचारलं. सासरी मी कशी राहते ते त्याला कळू दे, एवढंच ती म्हणाली. मी ते बाहेर सांगितलं. मामंजी बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बापू, तू हौसाच्या म्हायेरी नांदायला जायचं. पाटंचं उठायचं, पानी भरायचं, समद्यांच्या मागनं जेवायचं. इचारल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई."

बापू हसला. "मी तितला जावई हाय."

"न्हाई. तू सून हाईस."

हौसाचं माहेर आष्ट्याच्या बाजूला. घरात दोन भाऊ, दोघंही तालमीतले. तरी हौसाही त्याच्याबरोबर गेलेली, म्हणून मला धास्तीच. पंचमीच्या तोंडावर मामंजींनी मला बघून यायला धाडलं. पाहते तर बापू दारात बसलेला, नजर रस्त्यावर. अगदी नव्या सुनेसारखी.

तेवढ्यात बैलगाडी आली. त्याची धाकटी बहीण उतरली. "दादा, सणाला न्यायला आलोय."

बापू ताडकन उठला, उंबऱ्याशी आला आणि थांबला. आत हौसा सुपात जोंधळे पाखडत होती. तो तिच्याकडे वळला. "जाऊ का?"

सूप थांबलं. तिचा भाऊ माझ्याकडे बघायला लागला. गेल्या पंचमीला दारातून माघारी लावलेला, तो हाच.

हौसानं सूप पुन्हा हलवलं. "जावा. दोन दिस जास्त ऱ्हावा. सासूबाईंस्नी बरं वाटंल."

बापू तिथंच उंबऱ्यावर बसला. बहीण हाका मारतेय, बैल पाय आपटताहेत, आणि हा काही केल्या उठेना.