देवाला वय नसतं

शालनबाई भालेराव मूळची शेवगावकडची. चाकणच्या पट्ट्यात कंपन्यांची शेडं उभी राहत होती, त्या काळात ती नवऱ्याबरोबर आमच्या गावात आली. नवरा कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला होता, पुढं दम्यानं गेला. बाई माघारी फिरली नाही. गावातल्या नवनाथशेठचा रस्त्याकडेचा गाळा भाड्यानं घेऊन तिनं खानावळ काढली. तिन्ही शिफ्टची पोरं तिच्या हातची भाकरी खातात. कुणी म्हटलं, "मावशी, मीठ कमी पडलंय," तर म्हणते, "पुढच्या घासाला लागंल, गप जेव."

बाई ख्रिस्ती. रविवारी सकाळी खानावळीची टेबलं भिंतीला लागतात, सतरंज्या पडतात आणि त्याच गाळ्यात दहा-बारा घरांची भक्ती होते. चिंचवडच्या चर्चचे पाळकसाहेब मोटरसायकलवर येतात. भक्तीचं वेगळं भाडं शेठनं कधी मागितलं नाही. खरं ते सांगावं, नवनाथशेठ वाईट माणूस नव्हे. शेतं गेली, गाळे आले, गळ्यात साखळी आली, तरी दारातला माणूस चहा घेतल्याशिवाय त्यानं कधी जाऊ दिला नाही.

गेल्या नाताळात शेठ निवडणुकीच्या तयारीत होता. आमच्याकडं माणूस उभा राहायच्या आधी त्याचा फ्लेक्स उभा राहतो. गाळ्यापुढंही राहिला. वर येशू, खाली शेठ. शेठ जरा मोठा. मधे ठळक अक्षरं : 'विश्वाचे निर्माते प्रभू येशू यांना २०२५ व्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!'

शेठच्या मनात पाप नव्हतं. आम्ही देवाचा जन्म पाळणा हलवून करतो, सुंठवडा वाटतो. हल्ली गल्लीत कुणाचाही वाढदिवस असला की केक येतो. मग यांच्या देवानं काय घोडं मारलंय, असा त्याचा साधा हिशेब. संध्याकाळी टेम्पोतून केक आला. कार्यकर्त्या पोरांना तो तलवारीनं कापायचा होता, पण पोलिसांच्या धाकानं प्लास्टिकच्या सुरीवर भागवलं. केकवर आकड्यांच्या मेणबत्त्या लागल्या, दोन, शून्य, दोन, पाच. मोबाइल वर झाले. शेठनं सुरी पुढं केली.

"या मावशी. तुमच्या देवाचा वाढदिवस, मान तुमचा."

बाईनं हात पदराखाली घेतले. "मी न्हाई कापणार."

"का वो? अंडं हाय म्हणून? एवढी कोंबडी खाता की!"

माणसं हसली. बाई हसली नाही. "शेठ, केकचं काही न्हाई. केक आम्हीबी खातो. तो फलक उतरवा. देवाला वय नसतं."

तिच्या या हट्टामागं काय होतं ते गर्दीला माहीत नव्हतं. तिनं एकदा भाकरी थापता थापता मला सांगितलं होतं. शेवगावला असताना तिला मुलगी झाली. संध्याकाळी आली, उजाडायच्या आत गेली. नाव ठेवायचं राहिलं. आयाबाया म्हणाल्या, विसर, ती जगलीच कुठं? शालनबाईनं तिथल्या म्हाताऱ्या पाळकाला विचारलं होतं, "एवढ्याशा वेळात देवाचं तरी तिच्याकडं लक्ष गेलं असंल का?" म्हातारा म्हणाला, "बाई, वेळ आपल्याला. त्याला सुरुवात न्हाई की शेवट न्हाई. त्याच्यापुढं तुझी पोर घाईत नव्हती." त्या एका बोलावर बाई आजवर उभी आहे. आणि आता रस्त्यावर, दिव्यांच्या उजेडात, तिच्या देवाला कुणी जन्मसाल लावलं होतं. ज्याला वय आलं त्याला आपल्यासारखंच घड्याळ आलं. मग त्या पोरीला पाहायला कोण राहिलं?

शेठ आता जरा चिडला. "मग नाताळ कशाचा करता? जन्माचाच ना?"

"माणसाचा देह घेऊन तो आला, त्या दिवसाचा. आला म्हणजे आधी नव्हता असं न्हाई. शिक्रापूरच्या अंगानं सूर्य रोज वर येतो, त्याचा रोज वाढदिवस घालता का?"

मागून अजिंक्य, शेठचा पुतण्या, ओरडला, "बरं मावशी, मग देवाच्या आधी काय होतं ते सांगा!"

बाई मेणबत्त्यांकडं बघू लागली. आम्हाला वाटलं, अडकली.

"ते मला सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या डोक्यात ते मावतच न्हाई. पण मावत न्हाई म्हणून त्याला छाटून लहान करू का?"

मेणबत्त्या वितळून दोनावर शून्य कलंडलं. शेठनं सुरी टेबलावर टाकली. चार लोकांत मान गेला की ते आमच्याकडं सहज पचत नाही. "फलक उतरणार न्हाई. एकतर केक कापा, न्हाईतर रविवारी गाळा उघडायचा न्हाई."

"न्हाई उघडत," शालनबाई म्हणाली आणि आत जाऊन कणीक मळायला बसली.

भक्तीला येणारी तिची माणसंही तिच्यावरच उखडली. कुसुमताई म्हणाली, "सुरी फिरवली असती तर काय बिघडलं असतं? डोक्यावरचं छप्पर घालवलंस." पाळकसाहेबांनीही समजावलं, "शेठचा हेतू चांगला होता, बाई."

"हेतू चांगलाच होता. पण अनादि, अनंत हे तुम्हीच शिकवलंत ना? का ते नुसतं गाण्यापुरतं?"

पाळकसाहेब मोटरसायकलची किल्ली शोधू लागले.

रविवारी शटरला शेठचं कुलूप होतं. माणसं थंडीत रस्त्यावर उभी, मुलांच्या अंगावर नाताळचे नवे कपडे. पाळकसाहेबांनी मोटरसायकल वळवली सुद्धा होती. शालनबाईनं काखेतली सतरंजी झटकली आणि शटरपुढं, त्या फ्लेक्सच्या खालीच, अंथरली. बसली. शेजारून गाड्या भरलेला ट्रेलर धडधडत गेला, धूळ उडाली. बाईनं नाक पुसलं, आणि गाणं सुरू केलं. आवाज काही गोड नाही तिचा. पहिलं कडवं एकटीच म्हणाली. दुसऱ्याला कुसुमताई तोंड वाकडं करतच येऊन टेकली. मग मुलं. मग पाळकसाहेबांनी मोटरसायकल स्टँडला लावली.

तेवढ्यात शेठची गाडी आली. काच खाली झाली. गावातली माणसं कोपऱ्यावर जमली होती, त्यांच्यादेखत त्याला उतरावंसं वाटेना आणि निघून जाववेना.

"मावशी, थंडी हाय. लेकरं हायेत. असं किती येळ बसणार?"

शालनबाईनं गाणं थांबवून डोळे उघडले.

"तुमची निवडणूक कधी हाय, शेठ?"

"पुढच्या महिन्यात."

"मग तुम्हाला घाई असंल. आम्हाला न्हाई." आणि तिनं पुढचं कडवं उचललं, मघापेक्षा वरच्या पट्टीत.