म्हशींनंतरचा रविवार

तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, कोल्हापुरात एका रविवारी सकाळी, एकाच खोलीत, सहा वर्षांखालची वीस मुलं आणि मी, असे एकवीस जण तब्बल पाऊण तास हळू आवाजात बोललो. घटना गंभीर आहे. ती मी पूर्ण शुद्धीत, आठवडाभर तयारी करून घडवून आणली. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वाचनालय आहे. तिथल्या बालविभागात दर रविवारी दहा वाजता मी गोष्टीचा तास घेते. तरुणपणी मी हौशी नाटकांत कामं केली, आणि माझ्या वाट्याला बहुतेक खाष्ट सासवाच आल्या. पन्नाशीला आले तरी तो आवाज शिल्लक होता, कुठेतरी कामी लावायलाच हवा होता. गर्दीची चिंता मला कधीच नव्हती. रविवारी सकाळी घरोघरचे बाप मटणाच्या रांगेत उभे राहतात. जाताना पोर माझ्याकडे सोडतात, येताना एका हातात पिशवी आणि एका हातात पोर घेऊन घरी जातात. श्रावणात मात्र हजेरी निम्म्यावर येते.

प्रत्येक रविवारचा एक विषय असतो. तो ठरला की त्याच्याभोवती दोन गाणी, एक बडबडगीत, एक गोष्ट आणि एक खेळ जमवायचा. वाघ झाला, एसटी झाली, उसाचा ट्रॅक्टर झाला. मग आली म्हैस.

आमच्याकडच्या पोरांना म्हैस समजावून सांगावी लागत नाही. मी फक्त विचारलं, "म्हैस कशी ओरडती?" आणि वीस म्हशींनी एकदम उत्तर दिलं. दोन वेण्या घातलेली चार वर्षांची एक म्हैस तर टेबलाखाली जाऊन व्यायली. पारडू म्हणून तिने माझी पर्स बाहेर आणली.

बालविभागाच्या पलीकडे मोठ्यांची वाचनाची खोली आहे. मध्ये नुसती प्लायवूडची भिंत. तिथे एक आजोबा रविवारचं शब्दकोडं सोडवायला बसतात. निवृत्त कंडक्टर. उभा जन्म गारगोटीच्या गाडीत "पुढं सरका" ओरडण्यात गेला, त्यामुळे आता शांतता हवी होती, आणि ती मागायचा त्यांना हक्कही होता. वाचनालयाच्या तक्रारवहीत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "आज बालविभागात म्हशी होत्या. अंदाजे वीस. वाचन अशक्य." ही त्यांची तिसरी तक्रार.

ग्रंथपाल बाईंनी मला जिन्याखाली बोलावलं. "वहिनी, तुमचा तास मला लई आवडतोय. पण कमिटी म्हणती, आणखी एक तक्रार आली की तास बंद."

"मग मी करू काय?"

"हळू बोला की."

हळू! कोल्हापुरात! आमच्याकडे गुपितसुद्धा पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने सांगतात.

घरी येताना हसू येत होतं, पण जेवायला बसले आणि घराकडे नजर गेली. मुलगी परगावी, नवरा बोलतो तो टीव्हीशी. सोमवार ते शनिवार मला कुणीही "मग पुढं काय झालं?" असं विचारत नाही. ते विचारणारे एवढेच वीस जण होते.

म्हणून पुढच्या रविवारचा विषय ठरवला: 'हळूच'. गोगलगाय, मांजर, मुंगी. पण मला येणारं एकही गाणं हळू म्हणता येईना. प्रत्येकात कुणीतरी धपकन पडत होतं, नाहीतर ढोल वाजत होता. शेवटी स्वतःच जुळवलं:

हळूच मुंगी, हळूच पाय,
गुळाच्या ढेपेकडं जाय.
वाजलं कुठं खुट्ट,
बसली चिकटून घट्ट.

स्वयंपाकघरात तालीम सुरू केली. पहिल्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "घसा बसला काय गं?" दुसऱ्या दिवशी शेजारीण काढा घेऊन आली. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. तीन दिवस घरात वादावादी नाही म्हणून तिच्या बापाने काळजीने तिला कळवलं होतं.

रविवार उजाडला. पोरं जमली. मी कुजबुजत गाणं सुरू केलं, तशी दोन वेण्यांची म्हैस उभी राहिली. "काकी, आवाज गेला व्हय तुमचा?"

"आज हळूचचा दिवस हाय," मी म्हणाले. "मोठ्यानं बोलेल त्याला मुंगी चावणार. कोण बोललं तर बाकीच्यांनी ओठावर बोट ठेवायचं."

तेवढ्यावर ती पोलीस झाली. माझ्या जुन्या नाटकातली घुंगरांची माळ आम्ही न वाजवता हातोहात फिरवली. एकदाच छुम झालं. ज्याच्याकडून झालं, त्याच्याकडे तिने असं पाहिलं की तो स्वतःहून कोपऱ्यात जाऊन बसला.

मग गोष्ट. उंदराचं पिल्लू फडताळावरच्या गुळाकडे निघालं. मी चवड्यांवर चालत होते, पोरं श्वास धरून बघत होती. आणि पलीकडे पेपर उलटल्याचा आवाज थांबला. खुर्ची सरकली. दारात आजोबा. चष्मा कपाळावर, हातात पेन, काखेत तक्रारवही.

इतकी शांतता झाली म्हणजे पोरांना काहीतरी झालं असणार, अशा धास्तीने ते उठून आले होते आणि वही नुसती सवयीने काखेत राहिली होती, हे त्यांनी नंतर ग्रंथपाल बाईंना सांगितलं. त्या क्षणी मला काय ठाऊक? मला फक्त वही दिसत होती. पण निम्म्यात थांबले तर वीस जणांचा दम सुटला असता. म्हणून पिल्लाला पुढे नेलं. गूळ वीतभर अंतरावर. मागून मांजर. एक पाऊल. दुसरं पाऊल. पिल्लू जीभ काढून गूळ चाटतंय. मांजराने पंजा उचलला. आणि इथे मी थांबले. रंगमंचावर मला कधी इतका वेळ थांबू दिलं नव्हतं.

"आरं पळ की! मागं मांजर हाय!"

कंडक्टरचा आवाज. पार शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. ग्रंथपाल बाई पलीकडून धावत आल्या. वही काखेतून सटकून जमिनीवर आपटली. त्या रविवारचं पान तिच्यात कोरंच राहिलं आणि तास अजून चालू आहे, हे आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटचं वाक्य माझं नाही.

वीस डोकी दाराकडे वळली. आजोबांचे कान लाल झाले. दोन वेण्यांची पोलीस उठली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, ओठावर बोट ठेवलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"ओ पावणं, हळू बोला की! मुंगी चावंल!"