माह्या छातीवरची पट्टी

२०२३ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. हिंगण्याच्या पुढच्या तलावावर, शिकल्या-सवरल्या लोकांसमोर, मले अंगातला शर्ट काढायले लावला.

पांढरा शर्ट होता. इस्तरीचा. सर पाहुणे घेऊन येणार म्हणून घातला होता.

सर म्हणजे विद्यापीठातले प्राध्यापक. तलावातल्या मासोळ्यांवर त्यांचं संशोधन. दोन वर्षं माह्याच डोंग्यात बसून फिरले. मी जातीचा ढिवर. तिसरीत शाळा सुटली. मी जाळ्यातून मासोळी काढून द्यायची. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरापोरींनी ती ट्रेमध्ये ठेवायची, बाजूले लोखंडी पट्टी लावायची, म्हणजे फोटोत लांबी समजते. मग बरणीत, औषधाच्या पाण्यात. मले वाटे, आपल्या तलावाची मासोळी शिकलेल्यांच्या कामी येऊन राहिली. बरं वाटे.

त्या दिवशी दिल्लीचे पाहुणे काठावर उभे. सर म्हणाले, "काका, शर्ट काढा. धोतर वर खोचा. फोटोत जरा ओरिजिनल वाटलं पाहिजे."

मी म्हटलं, "काहून जी? जाळं त शर्ट घालूनही फेकता येते."

"अहो, तुमचे पूर्वज काय शर्ट घालून मासे धरायचे?"

लोक हसले. मी शर्ट काढला. सरांच्या शब्दाले माह्या घरी मान होता. पिकलेले केस, उघड्या बरगड्या, खांद्यावर जाळं. तसा उभा राहिलो.

एका पाहुण्यानं ट्रेमधली पट्टी उचलली. माह्या छातीले लावली.

"सर, स्केल राहिलं होतं!"

खदाखदा हसले. सरही हसले. "घ्या, घ्या. मस्त आहे. उद्या परिषदेत पहिला हाच दाखवू."

पट्टी गार होती. मासोळीचा चिकटा होता तिले. तो माह्या छातीवर राहिला.

शर्ट घातला. बटन लागेना.

घरी आलो, बायकोले सांगितलं. ती भाकर थापत होती. हात थांबला.

"पट्टी लावली? अन् तुमी उभे राहिले?"

"मोठे लोक आहेत वं. मस्करी केली."

"अवो, मासोळी मेली असते म्हणून गुमान पडून राहते. तुमी त जिते होते!"

भाकर उतरली नाही. सरांले फोन लावला. म्हटलं, "सर, तो फोटो दाखवू नका. पुसून टाका."

"काका, एवढं काय मनावर घेता? तुमचं नाव कुठे आहे त्यात? कोण ओळखणार तुम्हाला?"

"नाव नाही?"

"नुसतं 'मासेमार' लिहिलंय. झोपा आता."

फोन ठेवला त्यांनी. मी बसून राहिलो. मासोळीच्या बरणीवर त नाव असते. हे लंबंचवडं. डोंगा माहा, जाळं माहं, दोन वर्षं वल्हं मी मारलं. अन् मी नुसता मासेमार. चिडलो. सरांवर चिडलो, त्या पाहुण्यावर चिडलो, अन् त्यांच्या हसण्यात आपणही जरासं हसलो होतो, त्याच्यावर सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शर्ट घातला. बायकोनं धुतला होता, बगलेत ओला होता अजून. गळ्यापर्यंत बटनं लावली अन् विद्यापीठात गेलो.

गेटवरचा गार्ड ओळखीचा. "काका, मच्छी मागच्या दारानं न्या."

"मच्छी नाही आणली. मीच आलो."

परिषदेच्या हॉलमध्ये अंधार. पडद्यावर मी. उघडा. छातीवर पट्टी. सर इंग्रजीत बोलून राहिले होते, अन् खुर्च्यांवरून हसू येत होतं.

मधल्या वाटेनं सरळ चालत गेलो. स्टेजवर चढलो. पडद्यासमोर उभा झालो. डोळ्यांवर उजेड आला. तो फोटो माह्या शर्टावर पडला. हसू बंद.

"काका, काय करताय? बाजूला व्हा."

"नाही होत. हा माहा फोटो आहे. पुसा."

"आपण नंतर बोलू."

"आत्ताच. सगळ्यांसमोर काढला, सगळ्यांसमोर पुसा. अन् आजपासून माह्या डोंग्यात तुमचा पाय नाही."

गार्ड धावत आला, पण स्टेजच्या खालीच थांबला. सर फोटो पुसायचं बटन दाबेनात. मी हाताची घडी घातली. हलत्या डोंग्यात उभं राहून जन्म गेला माहा. इथं त फरशी होती.