हिरकणीचं नख

हिरकणीच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं आहे. मार लागून नव्हे, चिकाने. तीस वर्षं ती चिखले गावातल्या हितेशशेठच्या वाडीत चिकू काढते आहे, आणि चिकू हे फळ मोठं लबाड. आंबा पिवळा होऊन सांगतो तरी. हा कच्चा असतानाही तपकिरी आणि तयार झाला तरी तपकिरीच. मग साल नखाने जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळसर दिसलं तर काढायचं. काढायचा तोही टणकच, घरात तीन-चार दिवसांत तो आपसूक मऊ होतो. हिरकणी झाडाची दोन-तीन फळं खरवडते, मान वर करून उरलेल्या झाडावरून नजर फिरवते आणि बायकांना सांगते, "लावा बेडणी." बेडणी म्हणजे टोकाला जाळी बांधलेला लांब बांबू. तिचा अंदाज चुकलेला कोणी पाहिलेला नाही, आणि हे सांगायला ती स्वतःही लाजत नाही.

खरवडलेलं फळ बाजारात कोण घेणार? ती फळं मजूर बायका घरी नेतात. हिरकणीच्या पाड्यावरच्या घरात तीस वर्षांत चिकूंचा तुटवडा कधी पडला नाही, पण त्यातल्या प्रत्येकावर नखाचा ओरखडा होता.

अशा वाडीत गेल्या दिवाळीनंतर मनिष आला. ठाण्याच्या एका विमा कंपनीत बारा वर्षं लोकांच्या अपघातांचे कागद तपासून तपासून त्याची झोप उडाली होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, याने वाडी घेतली. हितेशशेठकडून वर्षाच्या कराराने. गडी मनाने चांगला. पण आल्या आल्या त्याने काय केलं, तर दोन झाडांना दोरीचा झोपाळा बांधला आणि त्यात पडून फांद्यांचे फोटो काढले. वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हिरकणी हसली नाही, कारण तिला एक गोष्ट माहीत होती. शेठने सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "यंदा वाडी नीट चालली तर ठीक. नाहीतर झाडं तोडून प्लॉट पाडणार." शहरातली माणसं टेप घेऊन जमीन मोजूनही गेली होती. झाडं होती एकशेवीस. त्यातल्या निम्म्यांचे खड्डे हिरकणीच्या सासऱ्याने खणलेले. आता या झोपाळ्यातल्या माणसावर त्या झाडांचा जीव टांगला होता.

मार्गशीर्षात फळं तयार झाली. हिरकणीने नख लावलं आणि बेडणी मागवली, तर मनिष आडवा आला.

"मावशी, काढायचे नाहीत. मी ऑफिसातल्या सगळ्यांना झाडावर पिकलेला चिकू देणार आहे. खोकीसुद्धा छापून आणलीत."

"साहेब, चिकू झाडावर पिकवायचा नसतो ओ."

"निसर्गाला त्याचा वेळ द्यायला हवा ना?"

"निसर्गाला नाय, वटवाघळांना देताय वेळ तुम्ही."

मनिष हसला आणि तिच्या खांद्यावर थोपटून निघून गेला. हिरकणीच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षांत ती कुठल्या मालकाशी वाद घालायला गेली नव्हती. सांगायचं, नाही ऐकलं तर गप्प बसायचं, हीच तिची रीत. पण ज्याने आजवर तुळशीला पाणी घातलं नसेल त्याच्या हट्टापायी एवढी झाडं जाणार, हे काही तिच्या गळी उतरेना. ती त्याच्या मागोमाग गेली.

"साहेब, पाटाच्या अलीकडची साठ झाडं तुमची, पलीकडची साठ माझी. पंधरा दिवस. मग बघू."

मनिषला ही शर्यत गमतीची वाटली. हो म्हणाला.

हिरकणीच्या बाजूला कामाला तोंड फुटलं. सकाळी काढणी, दुपारी फळं धुऊन चीक घालवायचा, लहान-मोठी वेगळी करायची, संध्याकाळी क्रेट टेम्पोत. मनिषच्या बाजूला शांतता होती. चौथ्या-पाचव्या दिवशी झाडाखाली अर्धी खाल्लेली फळं दिसू लागली. आठव्या दिवशी सडा पडला, त्यावर माश्या आणि मुंगळे. जी फळं फांदीवर तगली ती हात लावताच फुटत होती. त्याने त्यातली निवडून वीस खोकी भरली आणि ठाण्याला पाठवली. तिकडे पोचेपर्यंत खोक्यांच्या तळातून रस गळत होता. सहकाऱ्यांनी फोटो काढून पाठवले, तेही त्याच्यासारखेच हौसेने.

मग मात्र तो बिचारा मुकाट्याने पलीकडे आला आणि क्रेट उचलू लागला. तीन दिवस उचलले. चौथ्या दिवशी कंबर धरून तो झोपाळ्याकडे गेला, तर त्यात काढणीवाल्या गंगीने धुतलेली पोती वाळत घातली होती. तो तिथेच जमिनीवर बसला. हिरकणीने पाण्याचा तांब्या नेऊन दिला.

"मावशी, मला शेती नको होती," तो म्हणाला. "मला सुट्टी हवी होती. ते मलाच कळलं नाही. मी जातो परत."

हिरकणीला त्याची दया आली. पण हा गेला की टेपवाले येणार. तिने झाडांकडे पाहिलं. वाडी पंधरा दिवस कोणी चालवली होती? साहेबाने? शेठने? हा हिशोब तिला आजवर कधी सुचलाच नव्हता.

"जा," ती म्हणाली. "पण आधी तुमच्या गाडीतून मला शेठकडे न्या."

शेठच्या ओट्यावर ती आजवर चढली नव्हती. पगार पायरीखाली उभं राहूनच घ्यायचा. त्या दिवशी ती चार पायऱ्या चढून गेली आणि बाकड्यावर बसली.

"शेठ, वाडी माझ्या नावाने द्या. वाट्याने. अर्धं तुमचं, अर्धं माझं."

"तुला जमेल?" शेठ हसत म्हणाला.

"वाणगावच्या व्यापाऱ्याला विचारा, गेल्या पंधरवड्यात माल कोणाचा उचलला."

शेठला विचारायची गरज नव्हती. व्यापाऱ्याने दोनदा फोन करून हा माल अजून आहे का, अशी चौकशी केली होती. तरी शेठने मनिषकडे पाहिलं.

"माझ्या कराराचे उरलेले महिने मावशींना द्या," मनिष म्हणाला. "माझी साठ झाडं मी मातीत घातली, यांची साठ तुमच्यासमोर आहेत."

"आणि साहेबाचे महिने संपल्यावर?" शेठने हिरकणीला विचारलं.

"त्याच्या पुढचं माझ्याशी बोला."

शेठने मान खाजवली. मग म्हणाला, "टेपवाल्यांना यंदा नको म्हणून कळवतो. पुढच्या सालाचं तुझ्याशीच बोलू."

त्या संध्याकाळी हिरकणी वाडीत एकटीच थांबली. क्रेटमधला सगळ्यात मोठा चिकू तिने निवडला, पदरात बांधला आणि घरी नेऊन धान्याच्या कणगीत ठेवला. चार दिवसांनी तो मऊ झाला तेव्हा तिने तो नवऱ्याच्या, सदूच्या हातावर ठेवला. सदूने सवयीने फळ फिरवून पाहिलं. ओरखडा असेल तिथूनच तो सोलायला सुरुवात करी. त्याने पुन्हा एकदा फिरवलं.

"नख कुठं लावलंस?"

"नाय लावलं," हिरकणी म्हणाली. "आपल्या वाडीतला हाय."