मिस्त्रीची परीक्षा

मोबाइल आले नव्हते तेव्हाची गोष्ट. शिरोली नाक्याजवळच्या एका मिस्त्रीचा नियम होता. घाटात जाणाऱ्या गाडीच्या मालकानं त्याच्यासमोर स्वतः चाक बदलून दाखवायचं, तोवर किल्ली मिळायची नाही. गगनबावड्याला निघताना मीही घाम गाळून ही परीक्षा दिली. तो बाकावर तंबाखू मळत नुसता 'हं' म्हणत होता.

घाटात पंक्चर झालंच. डिकी उघडली, तर जॅक त्याच्याकडेच राहिलेला. धुक्यात तासभर उभा राहिलो, तेव्हा एक ट्रकवाला थांबला.

परत येऊन मी भांडलोच. तो शांतपणे म्हणाला, "पावणं, चाक काय कोणबी बदलतंय. दुसऱ्याला हात कराय बी यायला पायजे की."

मला ते पटलंसुद्धा. मग जॅक घ्यायला आत गेलो, तर भिंतीकडेला आणखी तीन जॅक आपापल्या मालकांची वाट बघत होते.